एका माणसाला दोन हात

कडेगावाहून विट्याकडे जाताना डाव्या अंगाला दोन मैल आत एक गाव आहे. शंभर-सव्वाशे उंबरा. त्यातल्या निम्म्या घरांचा एकेक गडी कायम बाहेर. कोणी पलटणीत, कोणी मुंबईला गोदीत, आणि बहात्तरच्या दुष्काळानंतर तर कितीतरी जण पार खाली मद्रासकडे, सराफांच्या पेठेत सोनं-चांदी गाळायच्या कामाला गेलेले. या कामाला आमच्या भागात गलाई म्हणतात. गावातून दर आठवड्याला कोणी ना कोणी निघालेलं असायचं, त्यामुळे सामान काय घ्यावं आणि कशात घ्यावं, हे सांगणारा माणूस गावाला लागायचाच. तो माणूस म्हणजे लालासाहेब हवालदार.

हवालदार एकोणीस वर्षं पलटणीत होते. एवढ्या वर्षांत गोळ्या किती झाडल्या, हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. पण सामान किती वेळा बांधलं आणि सोडलं, हे विचारलं की आकडा तोंडावर असायचा. पेन्शनीत आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक काळी ट्रंक, एक बिस्तरबंद आणि एक मत आलं. ट्रंक माळ्यावर गेली, बिस्तरबंद घरच्या अंथरुणात मिसळून गेला, मत मात्र रोज बाहेर यायचं. "एका मानसाला दोन हात. तिसऱ्या हाताचं वझं ज्यानं घेतलं, त्यो निम्म्या वाटंत रडला."

म्हसवडच्या जत्रेला निघालेला एक पाहुणा ट्रंक मागायला आला, तर त्याला त्यांनी सोप्यातच अडवलं. "सिद्धनाथाला काय संसार थाटून दाखवायचाय? खांद्यावर पडशी टाका. फुडच्या झोळीत भाकरी, मागच्या झोळीत धोतर. दोनी हात मोकळं. नारळ धरायला एक, खिसा धरायला एक." पाहुणा ओशाळून पडशी घेऊन गेला आणि खिसा शाबूत घेऊन परत आला. भरतीला निघालेल्या पोरांना ते पत्र्याची ट्रंक घ्यायला लावायचे, कारण बराकीत पिशवीला मान नसतो आणि कुलूपही नसतं. मुंबईला जाणाऱ्याला वळकटी, कारण तिथं जागा मिळेल न मिळेल, पाठ टेकायला आपलं अंथरूण पाहिजे. आणि सगळ्यांना एक कवायत होती. भरलेलं सामान घेऊन मारुतीच्या देवळापासून ओढ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. वाटेत जितक्या वेळा थांबाल, तितक्या वस्तू काढायच्या. तालमीतले गडीसुद्धा या परीक्षेत नापास झालेले गावाने पाहिले होते. धुळा धनगर तेवढा बिनपरीक्षेचा पास, कारण त्याचं सगळं घर एका घोड्यावर मावायचं. "ह्या गावात सामानाचं ग्यान दोघास्नीच हाय," हवालदार म्हणायचे, "एक मी, आन् दुसरा धुळाचा घोडा."

अशा माणसाचं कोण काय चुकीचं ठरवणार? आणि घोडं पेंड खातं ते तिथंच.

चौऱ्याहत्तर साली दिवाळी होऊन महिना झाला असेल. हवालदारांचा एकुलता एक मुलगा जालिंदर दोन वर्षं सेलमला गलाईच्या दुकानात होता. दुकानाच्या माळ्यावरच बाकीच्या गड्यांबरोबर झोपायचा. त्याची बायको चंद्राबाई इकडे सासू-सासऱ्यांजवळ, पदरात दोन पोरं. थोरली मनू पाच वर्षांची आणि धाकटा ज्योतिबा दीड वर्षाचा. जालिंदरचं पत्र आलं, ते हवालदारांनी सोप्यात बसून मोठ्यानं वाचलं. त्याला खोली मिळाली होती. आता बायको-पोरांना पाठवा, असं त्यानं लिहिलं होतं. 'मला रजा नाही. आपल्या भावकीतला नाथाजी हुबळीला निघाला आहे, तेथपर्यंत त्याच्या सोबतीने हिला पाठवावे. पुढे बेंगलोरला गाडी बदलायची, ती हिची हिला बदलावी लागेल. जिना चढून पलीकडे जायचे. सेलमला मी ठेसनावर उभा आहे. दोन्ही पोरे यावीत अशी इच्छा आहे. पण सामानाने हात अडकत असतील तर मनूला तुमच्याजवळ ठेवा, पुढच्या वर्षी जत्रेला येईन तेव्हा नेईन. सामान कशात द्यायचे ते आण्णांनी ठरवावे. आण्णा सांगतील ते बरोबर.'

घरात आण्णा म्हणजे हवालदारच. हे शेवटचं वाक्य वाचताना इतर कुठल्याही दिवशी हवालदारांनी मिशीवर हात फिरवला असता. त्या दिवशी त्यांनी पत्राची दोनदा घडी घातली.

मनू त्यांच्या पाठीला पाठ लावून बसली होती. ती नेहमी तिथंच असायची. थंडीत हवालदारांची बोटं वळत नसत, म्हणून त्यांच्या बंडीची बटणं ती लावायची, खालून वर, आणि दर बटणाला त्याचा आकडा म्हणायची. टॉवेलाची पलटणी घडी साऱ्या गावात हवालदारांखेरीज तिला एकटीलाच जमायची. जालिंदरला त्यांनी लहानपणी पाहिलंच नव्हतं. रजेवर यायचे तेव्हा पोरगं त्यांना बघून दाराआड लपायचं, आणि लपायचं सोडेपर्यंत रजा संपायची. पोर जवळ असणं म्हणजे काय, हे त्यांना पंचावन्नाव्या वर्षी या मुलीनं दाखवलं होतं. ती गेली तर घरात आपण काय करायचं, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांना खरोखर भीती वाटली.

चंद्राबाई उंबऱ्याआड उभी होती. तिनं सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं, हे तिच्या बोलण्यावरून दिसलं. "मामंजी, मी म्हनते, जुन्या लुगड्यात कापडं बांधून एक गाठुडं करते. डोक्यावर घीन. खांद्याला एक पिशवी. ज्योतिबा कडंवर, आन् मनूचा हात हातात. जमंल न्हवं?"

जमणारच होतं. हवालदारांनी स्वतः बांधलं असतं तरी याहून चांगलं बांधता आलं नसतं. बाई-माणसाला दोन पोरं घेऊन दूरच्या प्रवासाला गाठोड्यासारखं सामान नाही. मऊ, कुठेही दाबून बसणारं, रात्री उशाला घेता येणारं, आणि दोन्ही हात मोकळे. त्यांच्या जिभेवर 'शाबास' हा शब्द आला होता.

"गाठुडं नगं," ते म्हणाले. "ट्रंक न्या."

चंद्राबाई हळूच म्हणाली, "ट्रंक हातात आली की मनूला कसं धरायचं?"

"त्येच सांगतोय. गाठुडं गाडीत सुटतं, वरनं पानी पडलं की भिजतं, आन् चोराला गाठ सोडाय टाइम लागत न्हाई. ऱ्हायली मनू. पदर धरून चालंल म्हनशील, तर पदर धरलेलं पोर गर्दीत सुटतं. झाशीच्या ठेसनावर सुटलेलं मी डोळ्यांनी बघितलंय." झाशीचं खरं होतं. ते पोर पाव तासात एका चहावाल्याच्या बाकड्यावर बिस्कीट खाताना सापडलं, एवढं मात्र त्यांनी सांगितलं नाही. "पोरगी ऱ्हाऊ द्या हितं. वरसाचा तर सवाल हाय."

वाद झाला असता तर बरं झालं असतं. चंद्राबाईनं रडून-भेकून दोन शब्द टाकले असते, तर हवालदार त्या निमित्तानं मागे सरले असते. पण ज्याच्या शब्दावर सारं गाव चालतं, त्याच्याशी सून काय वाद घालणार? येसूबाईंनी, म्हणजे त्यांच्या कारभारणीनं, उलट जोरच लावला. "बरं झालं म्हन्ते मी. गलाईवाल्याची बायकू गाठुडं घिऊन उतरली तर लोकं म्हन्तील, खडी फोडाय आली." झालं. ट्रंक माळ्यावरून उतरली. तिच्यावरचं पांढऱ्या रंगातलं हवालदारांचं नाव आणि नंबर अजून शाबूत होता.

चंद्राबाईनं ट्रंक ओल्या फडक्यानं पुसून काढली. मग मनूची दोन परकर-पोलकी, जी तिनं गाठोड्यात घालायला काढून ठेवली होती, ती परत खुंटीवरच्या पिशवीत ठेवली. हवालदारांना ते दिसलं. ते उठून शेताकडे निघून गेले.

शहाण्या माणसाची चूक अशी असते की ती दुरुस्त करायला कोणी येत नाही, कारण ती चूक आहे असं कोणाला वाटतच नाही. दोन दिवस हवालदार स्वतःशीच भांडत होते. वर्षाचा तर प्रश्न आहे, असं एकदा म्हणायचे. मग दीड वर्षाच्या ज्योतिबाला कडेवर घेऊन त्याला झोका देणारी मनू दिसायची, आणि ते वर्ष त्यांना त्यांच्या एकोणीस वर्षांइतकं लांब वाटायचं. आईविना वर्ष काढायचं होतं ते तिला, त्यांना नाही. कवायत घ्यावी, चंद्राबाईला ट्रंक घेऊन ओढ्यापर्यंत चालायला लावावं, म्हणजे ती अडखळेल आणि आपल्याला निर्णय फिरवता येईल, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. पण सुनेला भर गावातून ट्रंक घेऊन कोण चालवणार? बायकांची कवायत त्यांनी कधी घेतलीच नव्हती. आणि खरं सांगायचं तर ती अडखळली नाही तर काय, याचीही त्यांना धास्ती होती.

तिसऱ्या दिवशी त्यांचं मन ठरलं. गाठोडंच बरं, मनू जाऊ दे, असं सांगायला ते माजघरात गेले. तिथं ट्रंकेभोवती निम्मं गाव बसलं होतं.

आमच्याकडची ही रीत आहे. दूर मुलखाला कोणी निघालं की त्या गावी ज्यांची ज्यांची माणसं आहेत, ती घरं आपापली भेट त्याच्या सामानात घालतात. नाही म्हणायची सोय नसते, कारण उद्या आपलीही भेट कोणाच्या तरी सामानातून जायची असते. गाठोडं असतं तर बायकांनीच हात आखडता घेतला असता. पण हवालदारांची ट्रंक निघाली म्हटल्यावर, सेलमला ज्यांचं कोणी होतं त्या साऱ्या घरांना उधाण आलं. अंबूबाईनं मुलासाठी शेंगांच्या चटणीचा डबा आणला होता. धोंडुबाईच्या सांडग्यांची पिशवी होती. हरणाबाईनं नातवाचं बारसं व्हायचं म्हणून शिवलेली दुपटी होती, आणि वर तुपाची बरणी, झाकण कणकेनं बंद केलेली. जोंधळ्याचं पीठ होतं, कारण तिकडे जोंधळा मिळत नाही. काकवीचा डबा होता. चंद्राबाईची स्वतःची तीन लुगडी कोपऱ्यात उभी कोंबली होती.

"येसे," हवालदार म्हणाले, "मी काय म्हन्तो, ट्रंक ऱ्हाऊ द्या. गाठुडंच न्या."

बायका त्यांच्याकडे बघायला लागल्या. हवालदारांनी एकदा दिलेला सल्ला बदलला, असं आजवर घडलं नव्हतं.

"आवं, आन् ह्ये?" येसूबाईंनी ट्रंकेकडे हात केला. "धा घरचं आलंय. कुनाचं म्हनून परत दिऊ? हरणाबाईचं दिऊ? तिची सून बाळंत हाय तिकडं."

हवालदारांनी हरणाबाईकडे बघितलं. म्हातारी तुपाच्या बरणीवर हात ठेवून बसली होती. तिला नातवाचं तोंडसुद्धा ठाऊक नव्हतं. हवालदार एवढंच म्हणाले, "तूप खाली नगं ठिवू, वर ठिव. उभं." आणि बाहेर आले. आयुष्यभर लोकांना सामान कमी करायला लावणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातली ट्रंक हलकी करता आली नाही.

मनू सोप्यात बसली होती. तिला सांगायचं काम त्यांच्याकडेच होतं, कारण ती त्यांचंच ऐकते, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. त्यांनी तिला पुढ्यात घेतलं आणि तिचे दोन्ही हात धरले. "ह्यो हात ज्योत्याचा," ते म्हणाले, "आन् ह्यो ट्रंकंचा. आता आईला तिसरा हात हाय का?"

मनूनं विचार केला. हा नियम तिला पाठ होता. "न्हाई," ती म्हणाली.

"मग?"

"मग मी जत्रंला जाईन," ती म्हणाली, आणि तिनं हात सोडवून घेतले. ती रडली नाही. ती रडली असती तर हवालदारांनी ट्रंक ओढ्यात फेकून दिली असती, असं ते पुढे कितीदा तरी मनाशी म्हणाले. पण ती त्यांचीच शिष्य होती. तिला सामानातलं कळत होतं.

निघायच्या दिवशी मनूला हरणाबाईच्या घरी पाठवलं. कराडला गाडी धरली असती तर एक चढ-उतार वाढला असता, म्हणून हवालदारांनी विट्याहून एस.टी.नं थेट मिरज ठरवलं होतं. तेवढं मात्र त्यांनी मनापासून, बरोबर ठरवलं होतं. नाथाजी, चंद्राबाई, कडेवर ज्योतिबा आणि पोचवायला हवालदार. ट्रंक टपावर. तासगाव मागे पडलं, सांगली आली. चंद्राबाई खिडकीतून बाहेर बघत होती आणि ज्योतिबाच्या पाठीवर थापटत होती. तो कधीच झोपला होता.

मिरजेला बेंगलोरची लहान रुळांची गाडी पलीकडच्या फलाटावर लागली होती. मध्ये जिना. नाथाजी आपली पिशवी घेऊन जागा धरायला पुढे पळाला, ते बरोबरच होतं. पुण्याची गाडी त्याच वेळी आत आली आणि होते तेवढे हमाल तिकडे धावले. हवालदारांनी दोन हाका मारल्या, कोणी वळलं नाही. मग त्यांनीच ट्रंकेची कडी धरली. एक बाजू वीतभर उचलली आणि कमरेत अशी कळ आली की त्यांना ती तशीच खाली टेकवावी लागली. दहा घरांचं वजन होतं ते.

"ऱ्हाऊ द्या, मामंजी," चंद्राबाई म्हणाली. "ह्याला घ्या जरा."

तिनं ज्योतिबाला त्यांच्या हातात दिलं. पिशवीतून एक जुनं फडकं काढलं, त्याला पीळ घालून चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली. पदर खोचला. एक गुडघा टेकून ट्रंक मांडीवर घेतली आणि म्हणाली, "नुसता हात लावा."

डोक्यावर ओझं चढवताना दुसऱ्यानं हात लावायचा, ही तर पाणवठ्यावरची रोजची गोष्ट. हवालदारांनी ज्योतिबाला एका हातात धरून दुसऱ्या हातानं ट्रंकेला टेकू दिला. ट्रंक चढली. चंद्राबाई उठून उभी राहिली, मान एकदा इकडे, एकदा तिकडे करून तिनं तोल घेतला आणि मग ट्रंक हलली नाही. तिनं ज्योतिबाला परत मागून घेतलं, डाव्या कडेवर बसवलं आणि चालायला लागली.

हवालदार मागून चालले. जिन्याची एकेक पायरी चढणारी सून त्यांच्या डोळ्यांपुढे होती. डोक्यावर त्यांचं नाव आणि नंबर लिहिलेली ट्रंक, डाव्या कडेवर पोर, आणि उजवा हात मोकळा. तो तिनं ट्रंकेला लावलासुद्धा नव्हता. दोन घागरी डोक्यावर घेऊन ओढ्याची चढण चढणारी बाई ती, तिला कशाला हात लावायला लागतोय? हे हवालदारांनी गावात असताना रोज सकाळी पाहिलं होतं. आईला पाहिलं होतं, येसूबाईंना पाहिलं होतं. पण सामान म्हटलं की त्यांना हातच आठवायचे, कारण त्यांनी सामान पाहिलं ते पुरुषांचं.

मनूपुरता तो हात मोकळा होता, आणि मनू पन्नास-साठ मैलांवर हरणाबाईच्या अंगणात होती. आता काहीसुद्धा करता येत नव्हतं. थांब म्हणावं तर नाथाजीची सोबत जाणार, सेलमला जालिंदर ठेसनावर उभा राहणार. हवालदार अर्ध्या जिन्यात कठडा धरून उभे राहिले. लाज वाटली, आणि नुसती लाज नव्हे, आपण एका लहान पोरीचं काही तरी चोरलं, असं त्यांना वाटलं.

गाडीत ट्रंक बाकाखाली गेली. चंद्राबाई खिडकीशी बसली. हवालदार फलाटावरून म्हणाले, "पोरी, त्या ट्रंकंचं मी..."

"मनूला कडक भाकरी चावत न्हाई," ती म्हणाली. "दुधात चुरून द्या. आन् तिला म्हनावं..." तिचं तोंड वाकडं झालं. तिनं उजव्या हातानं पदर तोंडाशी धरला. गाडी हलली, तेव्हा तिला काय म्हणायचं होतं ते राहूनच गेलं. ट्रंक डोक्यावर घेता येईल, हे तिला आधीच माहीत होतं का, आणि मामंजींचा शब्द म्हणून ती गप्प बसली का, हे हवालदारांनी पुढेही कधी विचारलं नाही. त्यांना विचारायचा धीर झाला नाही.

ते गावात उतरले तेव्हा दिवस मावळायचा होता. मनू पारापाशीच बसली होती. ती उठून त्यांच्या बरोबर चालू लागली, आणि थोडं चालून झाल्यावर तिनं विचारलं, "आण्णा, ट्रंक जड झाली का आईला?"

"झाली आसंल."

"कंच्या हातात धरली?"

या पोरीशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "डोक्यावर घेतली," ते म्हणाले.

मनू थांबली. तिनं आपला डावा हात कमरेशी वळवला, कडेवर पोर घेतात तसा. "ह्यात ज्योत्या," ती म्हणाली. मग उजवा हात पुढे केला आणि त्याच्याकडे बघितलं. "आन् ह्यात?"

हवालदारांनी घराच्या वाटेकडे बघितलं.

"ह्यात काय हुतं, आण्णा?"

"काय न्हवतं."

ती तो हात तसाच पुढे धरून उभी राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. "मग आई मला इसरली व्हय?"

"न्हाई, न्हाई," हवालदार म्हणाले, "आई न्हाई इसरली."

"मग मला का न्हेलं न्हाई?"

तेवढ्या वेळात त्यांना खरं सांगता आलं असतं. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. हवालदारांनी खाली वाकून तिचा तो हात आपल्या हातात घेतला, आणि ट्रंक लय जड हुती, असंच तिला पुन्हा सांगितलं.